समास

वडिलांच्या अरुंद भूखंडावर घर बांधायचे होते. नियमाप्रमाणे बाजूचे सामासिक अंतर सोडले, तर बोळाएवढीच जागा उरत होती. सवलत मागितली, नामंजूर झाली. महाराष्ट्राच्या १९६६च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमातले कलम ४७ सांगते, ४० दिवसांत शासनाकडे अपील करा. कलम ४५ म्हणते, नकाराची कारणे आदेशात हवीत. माझ्या आदेशात एकच शब्द : 'नियमबाह्य'. अहो, सवलत मागणारा नियमाबाहेरचाच असणार! तेवढाच मुद्दा धरून ३९व्या दिवशी अपील दाखल केले. त्या संध्याकाळी शेजारच्या आजी म्हणाल्या, "बाळा, माझ्या खिडकीतला उजेड तेवढा ठेव." शाळेत वहीचा समास सोडताना तो कोणासाठी, हे कधी विचारले नव्हते. निकाल यायचा आहे. नकाशातली ती भिंत मात्र मी दोन फूट मागे घेतली आहे.