म्हैसूरच्या गादीवर राजा बसतो कसा

बेंगळुरूत काही वर्षं काढलेल्या मराठी माणसाला पॅलेस ग्राउंड्सचा पत्ता सांगावा लागत नाही. लग्न, प्रदर्शन, गाण्याचा जलसा, कशाच्या तरी निमित्ताने तिथे जाणं होतंच. पण ज्या पॅलेसचं हे ग्राउंड, तो वसंतनगरचा बुरूजवाला राजवाडा कुणाचा, असं विचारलं तर ‘म्हैसूरच्या राजांचा’ एवढ्यावरच उत्तर थांबतं. राजे तर कायद्याने उरले नाहीत. मग 2015 साली म्हैसुरात राज्याभिषेक झाला तो कुणाचा, आणि कोणत्या आधारावर?

आधी शहराची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण ती आपल्याला जवळची आहे. 1638 मध्ये विजापूरच्या फौजांनी केंपेगौडांकडून बेंगळुरू घेतलं आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आलं. पुढे ते व्यंकोजीराजांकडे गेलं. व्यंकोजींनी तंजावरला गादी मांडल्यावर बेंगळुरू सांभाळणं त्यांना जड झालं. 1687 च्या सुमारास मोगल सरदार कासिम खानाने ते घेतलं आणि म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडियारांनी तीन लाख रुपये मोजून ते आपल्या राज्याला जोडलं. राजवाडा फार नंतरचा. रेव्हरंड गॅरेट या शिक्षकाने तो बांधायला घेतला होता, आणि 1873 मध्ये अल्पवयीन चामराजेंद्र वडियारांसाठी 40,000 रुपयांना तो विकत घेतला गेला.

आता कायद्याचं पाहू. संस्थानं विलीन झाली तेव्हा राजांना तनखे मिळाले आणि पदव्याही राहिल्या. म्हैसूरचा तनखा 26 लाख रुपयांचा, देशातल्या सर्वांत मोठ्या तनख्यांपैकी एक. 1971 च्या 26 व्या घटनादुरुस्तीने दोन्ही गोष्टी संपल्या. तेव्हापासून सरकारच्या लेखी ‘महाराजा’ नावाचं पद नाही. त्यामुळे आज वडियार घराण्यात जे काही चालतं ते घराण्याच्या रिवाजावर चालतं. सरकार त्याला मान्यता देत नाही आणि आडही येत नाही.

या रिवाजाची खरी कसोटी 10 डिसेंबर 2013 रोजी लागली. घराण्याचे प्रमुख श्रीकंठदत्त नरसिंहराज वडियार बेंगळुरूत वारले. त्यांना मूल नव्हतं आणि त्यांनी कुणाला दत्तकही घेतलं नव्हतं. तलकाडच्या अलमेलम्माचा शाप कर्नाटकात लहान मुलांनाही ठाऊक असतो. म्हैसूरच्या राजांना संतान होणार नाही, असा तो शाप. त्यावर कुणाची श्रद्धा किती, हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण घराण्याने त्यावर दत्तकाचा उपाय फार पूर्वीच पक्का केला होता. मुम्मडी कृष्णराजांनी 1865 मध्ये दत्तक घेतला, इंग्रजांनी तो 1867 मध्ये मान्य केला, आणि त्याच दत्तकपुत्राला, म्हणजे चामराजेंद्रांना, 1881 मध्ये इंग्रजांकडून राज्य परत मिळालं. त्या काळी दत्तकाला साहेबाची मंजुरी लागत असे. या वेळी तीही लागणार नव्हती. निर्णय पूर्णपणे श्रीकंठदत्तांच्या पत्नी, राजमाता प्रमोदादेवी यांचा होता.

त्यांनी घाई केली नाही. 2014 चा दसरा राजाविना आला. नवरात्रातला खासगी दरबार तर भरलाच पाहिजे, म्हणून राजाच्या ऐवजी ‘पट्टद कत्ती’, म्हणजे राजखड्ग, ठेवून विधी पार पाडले गेले. मला या सगळ्या प्रकरणात हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. माणूस नसेल तर त्याची जागा वस्तू घेते, पण दरबार मोडत नाही. राजचिन्हं नुसती शोभेची नसतात, ती अशी उपयोगी पडतात.

फेब्रुवारी 2015 मध्ये प्रमोदादेवींनी श्रीकंठदत्तांच्या थोरल्या बहिणीचा नातू, यदुवीर गोपालराज अरस, दत्तक घेतला. दत्तकविधीत त्याचं नाव बदललं: यदुवीर कृष्णदत्त चामराज वडियार. पूर्वजांची नावं अशी जोडून घेतल्याने मुलगा या घराचा झाला हे जाहीर होतं. 28 मे रोजी म्हैसूरच्या अंबाविलास राजवाड्यातल्या कल्याणमंडपात त्यांचा पट्टाभिषेक झाला. त्या दिवशी ते बसले ते चांदीच्या भद्रासनावर. सोन्याचं सिंहासन त्या दिवसासाठी नव्हे, ते दसऱ्याचं.

हे रत्नसिंहासन वर्षभर सुट्या भागांत कोठारात कुलूपबंद असतं. नवरात्राच्या आधी ठरलेले जाणकार ते बाहेर काढून दरबार हॉलमध्ये जोडतात: पायऱ्या, बैठक, वरचं छत्र. सिंहाचं मुख मात्र तेव्हा लावत नाहीत. ते प्रतिपदेला पहाटे, मुहूर्त पाहून बसवतात. मग राजाच्या हाताला कंकण बांधतात. कंकण बांधलं की नऊ दिवस तो व्रतस्थ. पट्टाचा हत्ती, घोडा आणि गाय पूजेसाठी येतात. नवग्रहांची आणि सिंहासनाची पूजा झाल्यावर तो सिंहासनावर चढतो, ‘बहुपराक्’ची ललकारी उठते आणि संस्थानाचं जुनं गीत वाजतं. सोन्याच्या अंबारीतून चामुंडेश्वरीची मिरवणूक निघते तो सरकारी दसरा, हा घराण्याचा. बाहेरगावच्या पाहुण्यांची गल्लत होते ती इथेच.

राजचिन्हांचं आणि वारसाचं काय करायचं, या प्रश्नात स्वीडनचं राजघराणं वेगळ्या वाटेने गेलं. तिथे मुकुट आहे, पण तो कुणी घालत नाही. सोळाव्या शतकातल्या एरिक चौदाव्याचा मुकुट जपून ठेवलेला आहे. मात्र शेवटचा राज्याभिषेक 1873 मध्ये झाला, ज्या साली आपला बेंगळुरूचा राजवाडा विकत घेतला गेला त्याच साली. 1973 मध्ये सध्याचे राजे कार्ल सोळावे गुस्ताफ गादीवर आले, तेव्हा मुकुट शेजारी उशीवर ठेवला होता आणि ते राणी क्रिस्तिनाच्या चांदीच्या सिंहासनापाशी उभे राहिले. दत्तक तिथेही अपरिचित नाही. आजच्या घराण्याचा मूळपुरुष बर्नादोत हा नेपोलियनचा सेनानी. 1810 मध्ये स्वीडनच्या निपुत्रिक राजाने त्याला वारस म्हणून दत्तक घेतलं.

म्हैसूरच्या काही खुणा मात्र राजवाड्याबाहेर पडून सगळ्यांच्या झाल्या. दोन तोंडांचा गंडभेरुंड पक्षी घराण्याचं चिन्ह होता, तो आज कर्नाटक सरकारच्या मुद्रेवर आहे. बेंगळुरूतल्या कोणत्याही सत्काराला जा. पाहुण्याच्या खांद्यावर शाल, गळ्यात चंदनी हार आणि डोक्यावर जरीचा ‘म्हैसूर पेटा’ चढतोच. पूर्वी दरबारी माणसं घालत ते पागोटं आज निवृत्त मास्तरांच्याही डोक्यावर शोभतं, याचा मला मनापासून आनंद आहे.

पदवी नसली तरी यदुवीर 2024 पासून म्हैसूर-कोडगूचे खासदार आहेत, तेही मतपेटीतून. त्यांचा मुलगा आद्यवीर 2017 मध्ये जन्मला, म्हणजे पुढच्या पिढीपुरता तरी दत्तकाचा प्रश्न नाही. एक फरक मात्र उरतोच. स्वीडनने 1980 पासून कायदाच बदलला. पहिलं अपत्य मुलगी असली तरी गादी तिची, म्हणूनच आज व्हिक्टोरिया युवराज्ञी आहे. म्हैसुरात वारस निवडला तो एका स्त्रीने, एकटीने, दीड वर्षाच्या आत. पण त्या सिंहासनावर अजून मुलगाच बसतो.