पोल्ट्री टाकण्याआधी झोन बघा

व्याख्यान संपलं की आम्हाला हमखास एक प्रश्न येतो. गावाकडे एकरभर जमीन आहे, पोल्ट्री टाकावी म्हणतो, परवानगी कुणाची लागते? आम्ही उलट विचारतो, झोन दाखला काढलात का? बहुतेक जण सातबारा पुढे करतात. पण सातबारा जमीन आज काय आहे ते सांगतो. पुढे तिचं काय व्हायचंय, ते झोन दाखल्यावर असतं.

१९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्याखाली विकास योजनेचा नकाशा तयार होतो. त्यात हिरवा रंग शेतीचा, पिवळा रहिवासाचा. (जमिनीचे दलाल ‘येलो झोन’ हा शब्द फार प्रेमानं उच्चारतात!) कुक्कुटपालन, दुग्धव्यवसाय हे हिरव्यातले उद्योग. शिवाय केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांत पोल्ट्री रहिवासी भागापासून ५०० मीटर दूर असावी असं म्हटलंय, आणि २०२३ पासून ५,००० हून अधिक पक्षी असतील तर राज्य मंडळाची संमतीही घ्यावी लागते. परसातल्या पाच-सहा कोंबड्यांना हे अंतर नाही. तिथे प्रश्न उपद्रवाचा. शेजाऱ्याला त्रास होईल असं जनावर पाळू नये, हे १८८८ च्या मुंबई महापालिका कायद्यातही आहे.

हे अंतर उगाच नाही. पावसाळ्यात शेडमधलं तूस ओलं झालं की अमोनियाचा वास सुटतो, माश्या होतात. ज्यांच्या घरात त्या माश्या ताटावर बसतात त्यांची तक्रार खोटी कशी म्हणायची?

पण खरी अडचण पुढेच आहे. शेड टाकताना आजूबाजूला माळ असतो. बँकेचे हप्ते चालू असतानाच शेजारी प्लॉट पडतात, बंगले उठतात, आणि तक्रार येते ती कोंबडीवाल्याविरुद्ध. आधी कोण आलं हे कुणी विचारत नाही. मुंबईतच बघा ना. शहरातले म्हशींचे तबेले बाहेर हलवण्यासाठी १९४९ मध्ये आरे दुग्ध वसाहत उभी राहिली. आज तिच्याभोवती शहरच आहे. १९७६ मध्ये तर नागरी भागात गुरं पाळायला परवाना लागेल असा वेगळा कायदा राज्यानं केला.

आमच्या मते यात पशुपालकाची चूक होते ती एकाच ठिकाणी. प्रारूप विकास योजना प्रसिद्ध होते तेव्हा हरकती-सूचनांना ३० दिवस मिळतात. बिल्डर त्या दिवसांत नकाशा पाठ करतो, आपण मात्र पक्ष्यांची बॅच काढण्यात गुंतलेले असतो. तेव्हा गट नंबर शोधा. शेडवर पिवळा रंग आला असेल तर लेखी हरकत द्या, सोबत शेड कधीपासून आहे हे दाखवणारं वीजबिल, ग्रामपंचायतीचा दाखला आणि कर्जाची कागदपत्रं जोडा. पोच घ्यायला विसरू नका, आणि सुनावणीला स्वतः जा.