उत्तर येत नाही तेव्हा ८८ वं स्तोत्र वाचा

प्रार्थना करून करून घसा कोरडा पडतो, तरी वरून काहीच उत्तर नाही. अशा वेळी 'तुमचा विश्वास कमी पडला' असं कुणी सुनावलं, तर त्यांना बायबलमधलं ८८ वं स्तोत्र वाचायला द्या.

स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रं आहेत आणि त्यांतली कितीतरी विलापाची आहेत. बहुतेक विलाप शेवटी आशेकडे वळतात. ८८ वं वळत नाही. हेमान एज्राही याच्या नावावरचं हे १८ वचनांचं स्तोत्र अंधारातच संपतं. जिवलग दुरावलेत, जीव मरणाच्या दारात आहे, देवाने तोंड लपवलंय, अशी थेट तक्रार. पण नीट बघा: हा माणूस रात्रंदिवस देवालाच हाक मारतोय, रोज हात पसरतोय, सकाळ झाली की पुन्हा तेच. बोलणं तोडत नाही. माझ्या मते विश्वास तो हाच.

प्रेषित पौलानेही शरीरातला काटा निघावा म्हणून देवाला तीनदा विनवलं. काटा राहिला, कृपा मिळाली. मदर तेरेसांची २००७ साली पुस्तकरूपाने आलेली पत्रं सांगतात, की त्यांनी अनेक दशकं आतला अंधार सोसला. सेवा मात्र थांबवली नाही. खुद्द येशूने वधस्तंभावर २२ व्या स्तोत्राच्या आरंभीचाच आक्रोश केला.

तेव्हा देवाशी भांडावंसं वाटलं तर भांडा. शब्द सुचत नसतील तर हेमानाचे घ्या. आणि तुमच्या मंडळीत कुणी गप्प गप्प झालं असेल, तर उपदेश न करता नुसतं शेजारी जाऊन बसा.