सांधलेले गिटारवादन

तबकडीवर एकदा मुद्रित झालेले वादन बदलावयाचे कसे, असे बालवाचकांस वाटेल. अमेरिकेतील जॅझ-संगीतात विजेच्या गिटारीस एकलवादनाचा मान मिळवून देणारा चार्ली ख्रिश्चन इ. स. १९४२ मध्ये क्षयाने निवर्तला. वय अवघे पंचवीस! १९४१ च्या सुमारास बेनी गुडमनच्या मेळ्यात ‘ब्रेकफास्ट फ्यूड’ ही चीज त्याने मुद्रणासाठी अनेक खेपा वाजविली होती. गत तीच, उपज मात्र दर खेपेस निराळी! पुढे चुंबकीय फीत आली. ती कातरता येते, चिकटविताही येते. तेव्हा कोलंबिया कंपनीने निरनिराळ्या खेपांतील त्याचे एकलवादन एकाच मुद्रणात सांधले. चीज तीच व लयही जवळपास तीच, म्हणून सांधा बेमालूम बसला. काटेकोर अभ्यासकांस ही लबाडी वाटेल. मला वाटत नाही, कारण त्यातला एकही स्वर उसना नव्हे. शिवाय मूळ खेपाही मागाहून अखंड प्रसिद्ध झाल्या आहेत.