भूदृश्यांचे अवरक्त छायाचित्रण

भूदृश्यांचे अवरक्त छायाचित्रण : वर्णपटातील तांबड्या रंगापलीकडील, डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रारणाच्या (तरंगरूपी ऊर्जेच्या) साहाय्याने निसर्गदृश्यांची छायाचित्रे घेण्याची पद्धती. मानवी डोळ्यास सामान्यतः ४०० ते ७०० नॅनोमीटर (१ नॅनोमीटर = मीटरचा एक अब्जांश भाग) तरंगलांबीचा प्रकाश दिसतो. या पद्धतीत त्यालगतच्या सु. ७०० ते १,००० नॅनोमीटर पट्ट्याचा उपयोग करतात. अशा चित्रांत पाने व गवत हिमाच्छादित असल्यासारखी पांढरी, निरभ्र आकाश जवळजवळ काळे आणि ढग ठळक पांढरे दिसतात. हे उष्णतेचे चित्रण असते, हा समज मात्र बरोबर नाही. सामान्य तापमानाच्या वस्तू स्वतः उत्सर्जित करीत असलेल्या प्रारणाची तरंगलांबी प्रामुख्याने १०,००० नॅनोमीटरच्या आसपास असते व ते या कॅमेऱ्यांत नोंदले जात नाही. येथे नोंद होते ती परावर्तित सूर्यप्रकाशाची.

इतिहास : सर विल्यम हर्शेल यांनी १८०० मध्ये वर्णपटाच्या तांबड्या टोकापलीकडे तापमापक ठेवून अवरक्त प्रारणाचा शोध लावला. अमेरिकन भौतिकीविज्ञ रॉबर्ट विल्यम्स वुड (१८६८–१९५५) यांनी १९१० मध्ये अवरक्त प्रकाशात घेतलेली भूदृश्ये प्रसिद्ध केली. पाने उजळ दिसण्याच्या आविष्कारास त्यांच्या नावावरून ‘वुड परिणाम’ म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात, झाडांच्या आड लपविलेली लष्करी ठाणी ओळखण्यासाठी, सजीव पाने तांबडी दाखविणारी विशेष रंगीत फिल्म वापरात आली. भारतात पी. आर. पिशारोटी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० मध्ये केरळातील नारळाच्या रोगग्रस्त झाडांची अशा फिल्मवर हेलिकॉप्टरमधून छायाचित्रे घेतली. देशातील दूरस्थ संवेदनाचा हा आरंभीचा प्रयोग होय. कोडॅक कंपनीने आपली वेगवान कृष्णधवल अवरक्त फिल्म २००७ मध्ये बंद केली. ही फिल्म कॅमेऱ्यात पूर्ण अंधारात भरावी लागे व चित्र कसे आले, हे ती धुतल्यावरच कळे. अंकीय (डिजिटल) कॅमेऱ्यात परिणाम तत्काळ दिसत असल्याने हा प्रकार हौशी छायाचित्रकारांच्या आवाक्यात आला.

तत्त्व : पानातील हरितद्रव्य निळा व तांबडा प्रकाश शोषून घेते, अवरक्त प्रकाश मात्र त्यातून आरपार जातो. पानाच्या आतील पेशींच्या भित्ती व त्यांमधील हवेच्या पोकळ्या यांमुळे तो वारंवार विखुरला जातो आणि त्याचा सु. निम्मा भाग बाहेर परततो. म्हणजे पान उजळ दिसते ते त्याच्या अंतर्रचनेमुळे. ही रचना बिघडली की परावर्तनही बदलते. वनस्पतिरोगांच्या पाहणीस यामुळेच आधार मिळतो. हवेतील रेणूंकडून होणारे प्रकाशाचे प्रकीर्णन (विखुरणे) तरंगलांबीच्या चतुर्थ घाताच्या व्यस्त प्रमाणात असते. त्यामुळे ८०० नॅनोमीटर तरंगलांबीचे प्रकीर्णन ४५० नॅनोमीटरच्या निळ्या प्रकाशाच्या सु. एक-दशांशच होते व आकाश काळवंडते. विरळ धुरकटपणातून दूरचे डोंगर स्पष्ट दिसतात. दाट धुक्यातील थेंब तुलनेने बरेच मोठे असल्याने तेथे हा लाभ होत नाही.

साधने व पद्धती : अंकीय कॅमेऱ्यातील सिलिकॉनचा संवेदक सु. १,१०० नॅनोमीटरपर्यंत संवेदनशील असतो. परंतु रंग बिघडू नयेत म्हणून त्याच्यापुढे अवरक्तरोधक गालक (फिल्टर) बसविलेला असतो. दूरचित्रवाणी संचाच्या दूरनियंत्रकाची कळ दाबून त्याच्या टोकाकडे कॅमेऱ्यातून पाहिल्यास ठिपका चमकताना दिसतो का, यावरून हा रोध किती कडक आहे याचा अंदाज येतो. पहिला मार्ग म्हणजे भिंगापुढे ७२० नॅनोमीटरचा गालक लावणे. यात उद्भासन (संवेदकावर प्रकाश पडू देण्याचा काळ) भर उन्हातही कित्येक सेकंदांचे होते, म्हणून तिकाटणे आवश्यक असते व वाऱ्याने हलणारी पाने पुसट येतात. दुसरा मार्ग म्हणजे आतील रोधक गालक काढून कॅमेरा कायमचा रूपांतरित करणे. मग हातात धरूनही चित्रे घेता येतात. हे काम जाणकाराकडूनच करून घ्यावे, कारण स्फुरदीप (फ्लॅश) असलेल्या कॅमेऱ्यातील विद्युत् धारित्रात (विद्युत् भार साठविणाऱ्या घटकात) धोकादायक विद्युत् दाब शिल्लक राहू शकतो. गालक डोळ्यांना काळा दिसला, तरी अवरक्त किरण त्यातून जातात. त्यातून सूर्याकडे कधीही पाहू नये.

अवरक्त किरणांचे वक्रीभवन कमी होत असल्याने प्रतिमा भिंगापासून किंचित दूर तयार होते. जुन्या भिंगांवर यासाठी तांबडी खूण असे. काही भिंगांत अंतर्गत परावर्तनामुळे चित्राच्या मध्यभागी उजळ डाग उमटतो. भिंगाचे छिद्र मोठे ठेवल्यास तो बहुधा फिकट होतो. पावसाळा संपल्यानंतरचे निरभ्र दिवस, जेव्हा हिरवाई टिकून असते व ऊन स्वच्छ असते, या छायाचित्रणास विशेष अनुकूल असतात.

रंग व कलादृष्टी : अवरक्त प्रकाशाला डोळ्यांच्या दृष्टीने रंग नाही. ७२० नॅनोमीटरच्या गालकातून आलेले मूळ चित्र तांबूस असते. गवताला पांढरे मानून रंगसंतुलन साधल्यावर आणि संगणकावर तांबड्या व निळ्या वाहिन्यांची अदलाबदल केल्यावर निळे आकाश व फिकट पाने मिळतात. ८५० नॅनोमीटरच्या गालकाने चित्र जवळजवळ कृष्णधवलच येते. म्हणजे उजेड-छायेची नोंद निसर्गाची असते, तर रंगाची निवड छायाचित्रकाराची. आयरिश छायाचित्रकार रिचर्ड मॉस यांनी पूर्व काँगोतील संघर्षग्रस्त प्रदेश अशाच लष्करी मूळ असलेल्या फिल्मवर गुलाबी रंगात चित्रित केला व ते काम २०१३ च्या व्हेनिस द्वैवार्षिक प्रदर्शनात मांडले. तेथे अनैसर्गिक रंग हा शोभेसाठी नसून, सवयीने बोथट झालेल्या नजरेला थांबविण्यासाठी आहे.

पांढऱ्या झाडांचे नावीन्य लवकर ओसरते. त्यानंतरही टिकते ती रचना, छायाप्रकाश व निरीक्षण. एकाच जागेवरून, एकाच तिकाट्यावर दृश्य व अवरक्त अशी दोन चित्रे घेणे, तेच झाड निरनिराळ्या ऋतूंत टिपणे, सजीव पानाशेजारी हिरवा रंगविलेला फलक ठेवून पाहणे, असे साधे प्रयोग या छंदास अर्थ देतात. परिचित टेकडी अपरिचित दिसली, की डोळ्यांना दिसते तेवढेच जग नव्हे, याचा प्रत्यय येतो. मात्र त्या चित्रातील किती भाग प्रकाशाचा व किती आपला, हे छायाचित्रकाराने प्रामाणिकपणे ओळखले पाहिजे.