बिबट्या कशाच्या मागे येतो?

बिबट्याचा व्हिडिओ मोबाईलवर फिरला की सरावलीतली माझी मुले हमखास विचारतात, "सर, त्याला पकडून लांब जंगलात का सोडत नाहीत?"

जुन्नरमध्ये 2001 पासून तेच केले गेले. माणसांवरचे हल्ले कमी होण्याऐवजी वाढले, हे डॉ. विद्या अत्रेय यांच्या अभ्यासातून पुढे आले.

आपल्या पालघरचे वारली बांधव वाघोबाला पुजतात. आपली श्रद्धा वेगळी. पण बिबट्याला शेजारी मानून सावधपणे जगण्याची त्यांची रीत शिकण्यासारखी आहे.

वस्तीकडे बिबट्या बहुधा कुत्र्यांच्या मागे येतो आणि कुत्री उघड्यावरच्या कचऱ्यामागे. म्हणून कुर्बानीनंतर आतडी व टाकाऊ भाग नाल्यात फेकू नका, खोल खड्ड्यात पुरा. बकऱ्या रात्री बंद गोठ्यात ठेवा. अंधार पडल्यावर मुलांना एकटे बाहेर पाठवू नका. बिबट्या दिसलाच तर गर्दी करून त्याला घेरू नका. त्याची वाट मोकळी ठेवा आणि वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवा.

ईदचे मटण आपण शेजाऱ्याकडे आठवणीने पोचवतो. त्याच्या दारामागे घाण न टाकणे, हाही त्याचा हक्कच आहे.