लाल ठिपका किती उंच असावा?
एआर-१५ रायफलीवर डोळा नळीच्या वर असतो. नेहमीच्या माउंटवर रेड डॉट साइटचा, म्हणजे नेम धरायच्या काचेतला, लाल ठिपका नळीच्या मध्यापासून साधारण ६.५ सेंटिमीटर उंच येतो. म्हणून ५० मीटरवर जुळवलेली साइट सात मीटरवर वापरली, की गोळी ठिपक्याच्या पाच-सहा सेंटिमीटर खाली लागते. मग साइट नळीला चिकटूनच का बसवू नये? कारण या रायफलीचा दस्ता नळीच्या सरळ रेषेत असतो, तिथवर मान वाकतच नाही. उंच माउंटवर डोकं ताठ राहतं, गॅस मास्क लावूनही ठिपका दिसतो. पण गाल दस्त्यावर नीट टेकत नाही, आणि पालथं पडून नेम धरताना मान ताणली जाते. ठिपका काचेच्या कडेला दिसला तरी नेम फारसा ढळत नाही, हे खरं. उंचीचा फरक मात्र त्याने मिटत नाही. तरीही माझा कौल मानेला सोयीच्या उंचीला आहे, कारण जवळून नेम थोडा वर धरणं सरावाने जमतं.